चांगदेवच्या कांजिण्या

राऊ गावापलीकडच्या शेतात आलू खोदता खोदता दुपार झाली. चांगदेवनं घामेजलेला सदरा काढला, तशी त्याच्या बायकोच्या, जयाच्या, हातातली टोपली सरीतच पडली. त्याच्या पाठीवर पाण्यानं भरलेले आठ-दहा फोड होते.

"हे काय आहे?"

"मच्छर चावले असतील. तू आलू वेच ना यार."

"रात्री अंग तापलं तेव्हाही मच्छरच म्हणाले तुम्ही! राजेंद्र नगरला भावाकडे जाऊन कांजिण्या आलेल्या पोरीसोबत कॅरम खेळत कोण बसलं होतं? झाले ना पंधरा दिवस?"

"अरे, बच्चों की बीमारी आहे ती. पंचावन्नचा माणूस मी, मला काय होऊन राहिलं?"

जयाला त्याच्याशी भांडायलाही फुरसत नव्हती. तिचा सगळा जीव घरात, सुनेपाशी होता. प्राचीला पाचवा महिना होता, आणि आज सकाळीच तिनं सासऱ्याला काढा देऊन कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

जयानं नवऱ्याला तिथल्या तिथं मोटरच्या खोलीत बसवलं आणि प्राचीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी काही लपवलं नाही. फोड दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच लागण होते, म्हणाल्या. मोठ्या माणसाला हा आजार जड जातो, छातीतही उतरू शकतो, तेव्हा त्यांना आजच दाखवा, दम लागला तर क्षणभर थांबू नका. गरोदर बाईला धोका आणखी जास्त, बाळालाही. "लहानपणी येऊन गेल्या असतील तर बहुतेक काळजी नाही. नसतील तर लगेच इंजेक्शन द्यावं लागेल. आईला विचारा."

प्राचीला काही आठवत नव्हतं. जयानं महूला विहीणबाईंना, यशोधराबाईंना, फोन लावला.

"जयभीम ताई. प्राचीला कांजिण्या येऊन गेल्यात का?"

"छे हो! आमच्या मुलीला कधीच काही नाही. बघायला आलात तेव्हा सांगितलं होतं ना, अंगावर एक डाग नाही तिच्या."

डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यावर न थांबता रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट परवा येणार होता. ते दोन दिवस चांगदेवचा डबा आणि गोळ्या जया बांधावर ठेवायची आणि लांबूनच त्याला चार शब्द सुनावायची. एरवी तोंडाला तोंड देणारा माणूस, पण फोडांनी भरलेलं तोंड खाली घालून गपगुमान ऐकायचा. "बाळाला काही होणार नाही ना?" एवढंच विचारायचा. तेव्हा तिला त्याची दयाही यायची.

तिसऱ्या दिवशी बाईंनी रिपोर्ट वाचला आणि हसल्या. "हिला लहानपणी येऊन गेल्यात. रक्तच सांगतंय."

जया तिथंच रडली. मग शेतावर डबा घेऊन जाताना तिनं विहीणबाईंना फोन लावून रिपोर्ट सांगितला.

पलीकडून बारीक आवाज आला, "दुसरीत होती, तेव्हा आले होते चार दाणे. लग्नाच्या मुलीचं असं कुणी सांगतं का, जयाताई? एकदा बोलले, मग फिरवायची लाज वाटली. रागावल्या का?"

"रागावले तर! तुमच्या लाजेपायी इथं आमचा जीव टांगणीला लागला होता. आता काही लपवलं असेल तर आत्ताच सांगून टाका."

"मग सांगतेच. आमच्या ह्यांना मात्र खरंच आलेल्या नाहीत. आणि ते सकाळीच निघालेत. चांगदेवजींना बघायला."

जयानं मान वर केली. समोर बांधावरून इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले व्याही संत्र्यांची पिशवी हलवत थेट मोटरच्या खोलीकडे निघाले होते. आत एकट्यानं कंटाळलेला चांगदेव "या भिया, या!" करत दारात उभा होता.

डबा टाकून जया पळाली. "थांबा! तिथंच थांबा!"

व्याही दचकून थबकले. "अहो, मी बघायला आलोय त्यांना."

"बघायलाच आलात ना? मग तिथूनच बघा."