काप्तानची पाठवणी

मुअल्ला आब्लाच्या खिडकीतून आधी शिंका येत, मग दोरीला बांधलेली टोपली. शिंका ऐकल्या की मी पाव काढून ठेवायचो. उस्कुदारच्या आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांनी टोपली सोडायची आणि वाण्याने ती भरून द्यायची, असा रिवाज आहे. वयाने मोठी म्हणून ती सगळ्यांची आब्ला, थोरली बहीण. टोपलीत काय चढतं यावरून घर कळतं. या घरात मांजराला कलेजी चढे, बाईला कालचा पाव, आणि नाक पुसायला कागदी रुमाल, तेही गठ्ठ्याने. दुकानदार म्हणून माझी तक्रार नव्हती.

मांजराचं नाव काप्तान. आब्लाचे यजमान नेजदेत बे फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचे. लग्नापासून त्यांच्या घरात एक ना एक मांजर असेच; या शेवटच्याला त्यांनी धक्क्यावरून खिशात घालून आणलेलं. बाईला मांजर सोसत नाही, हे गल्लीला पाठ होतं. डोळे सुजायचे, छाती वाजायची. नेजदेत बे होते तोवर काप्तान त्यांच्या खोलीत झोपे. ते गेले आणि तो तिच्या उशाशी आला.

"द्या ना कुणाला," मी एकदा म्हटलं.

"एवढंच मागे ठेवलंय त्यांनी, शाकिर. पेन्शन तर मुलानेच खाल्ली. आता हेही घालवू?"

मग हिवाळ्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: पुन्हा अशी धाप लागली तर इथवर पोचणार नाही. घरात एक तर मांजर राहील, नाही तर तुम्ही. हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की सकाळी टोपली खाली आली आणि तीत काप्तान बसलेला.

"आब्ला! मांजर टोपलीत झोपलंय आणि तुम्ही खुशाल टोपली सोडलीत!"

मी त्याच्या पोटाशी पाव सारला आणि दोरीला झटका दिला. बऱ्याच वेळाने टोपली वर गेली.

दुसऱ्या दिवशी झिहनी न्हाव्याने त्याला परत पाठवलं, वर माशाचं शेपूट भेट दिलं. "निवृत्तीनंतर काप्तानला बोट मिळाली! रोज एक फेरी!" तो ओरडला, आणि गल्ली हसली. मीही हसलो. कुणी मांजर घराबाहेर काढेल, हे आमच्या डोक्यातच येणारं नव्हतं. दाराशी पाण्याची वाटी न ठेवणाऱ्या माणसाकडे आम्ही मुलगीसुद्धा देत नाही.

पुढच्या खेपेला मी दोरीला हात घातला, तेवढ्यात आब्ला खिडकीत आली. ओठ निळसर झालेले.

"वर पाठवू नकोस, शाकिर."

"पाव पाठवतोय, आब्ला."

"मांजर पाठवू नकोस. चुकून नाही आलेलं. मी सोडलंय."

झिहनीचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. "आब्ला, नेजदेत बेंचं मांजर ते. असं टोपलीत घालून? माणसाने निदान हाताने नेऊन सोपवावं."

"हाताने उतरवलं असतं, तर दुसऱ्या मजल्यावरून तुम्हाला मला उतरवावं लागलं असतं, झिहनी." ती श्वासासाठी थांबली. "हसा आता."

कुणी हसलं नाही. मी काप्तानला उचललं. आम्ही भले लोक. त्या बाईला मारायला आमचा चांगुलपणा पुरेसा होता.

तो माझ्या दुकानात राहू लागला, पोत्यांवर झोपू लागला. वर खिडकीत शिंका थांबल्या. रुमालांचा खप बुडाला, हे मी कुणाला बोललो नाही.

एका दुपारी आब्ला स्वतः जिना उतरून आली. बगलेत गाठोडं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"नाक उघडलं रे. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हटलं, त्यांचा कोट हुंगून बघू. तंबाखू, इंजिनाचं तेल, बायका सांगतात ना नवऱ्याच्या वासाचं, मला कधी कळलंच नाही."

"मग?"

"मांजराचा वास आला." तिने गाठोडं उंबऱ्याच्या आत ढकललं. "आणि छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणतात, लोकर आहे, केस निघणार नाहीत. तू घे. तुला बसेल."

नेजदेत बे अंगाने माझ्या दुप्पट होते. "बसेल," मी म्हटलं.

गाठ सुटली तसा काप्तान पोत्यावरून उतरला, कोटावर चढला आणि पंजांनी तो मळू लागला. आब्ला एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक, आणि समोरच्या भिंतीला टेकून, तिथून बघत राहिली.