बाराव्या रांगेसाठी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. शाळेतली नाही, दवाखान्यातलीही नाही. लांबच्या देशांना जाणाऱ्या विमानात, स्वस्त तिकिटांच्या मागच्या भागात, तिघींच्या रांगेतली मी मधली. आज आम्ही तिघी बहिणी पोलादपूरच्या नाक्याजवळ दीपेशच्या गॅरेजमध्ये असतो. गोड बोलणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते. माझ्या पोटात राग आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्यावर माणसाएवढा बाहुला बांधून मला जोरात आपटून पाहिलं. मी मोडले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या बाहुल्याला दहा तास बसवून कुणी पाहिलं नाही. त्याला कळ लागत नव्हती, पायाला मुंग्या येत नव्हत्या. तो कशाला तक्रार करेल?

सुरुवातीची वर्षं बरी गेली. पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून माझ्या पाठीपर्यंत तेहतीस इंच अंतर होतं. फार ऐसपैस नव्हतं, पण गुडघा हलायचा, खाली पडलेली चप्पल वाकून उचलता यायची. एकदा एका आईनं तान्ह्या बाळाला माझ्यावर बसून नीट पाजलं आणि उतरताना माझ्या हातावर हात फिरवला. खुर्चीला आणखी काय हवं असतं?

मग वरून हुकूम आला. आमच्या भागात अकरा रांगा होत्या. प्रत्येक रांगेचे तीन इंच काढून घेतले की बारावी रांग बसते, असं कुणीतरी कागदावर दाखवलं होतं. आम्ही विमानाच्या जमिनीतल्या रुळांवर बसवलेल्या असतो. बोल्ट सैल करायचे, पुढं सरकवायचं, पुन्हा आवळायचं, एवढंच काम. ते काम मुंबईच्या हँगरमध्ये, विमानं दुरुस्त करायच्या मोठ्या शेडमध्ये, दीपेशकडे आलं.

दीपेश पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा. हुशार मेकॅनिक. त्यानं आधी आमची रांग सरकवली, स्वतः माझ्यावर बसून पाहिलं आणि गुडघे चोळत उठला.

"साहेब, हे फारच जवळ होतंय," तो म्हणाला.

"ड्रॉइंग वरून आलंय, दीपेश. तू पाना चालव, डोकं नको चालवूस."

दीपेशनं पाना चालवला. मी त्याला दोष देत नाही, कारण सरकले तर मीही. पण बोल्ट आवळताना त्याची मान खाली होती, ती मी पाहिली.

पुढच्याच वर्षी दीपेशची आई, राहीबाई, त्याच विमानात चढली. मुलगी समीक्षा इंग्लंडमध्ये नर्स होती. तिला पहिली मुलगी झाली होती आणि आजी नात बघायला निघाली होती. पासष्ट वर्षांची बाई, पण काटक. दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारी, डोक्यावर भारा घेऊन चढण चढणारी. ती येऊन बसली ती नेमकी माझ्यावर. टेकता टेकता तिनं शेजारच्या माणसाला, त्याला कळो न कळो, सांगितलं, "माझा ल्योक ह्याच कंपनीत हाय. विमानं दुरुस्त करतो."

जेवण झालं आणि पुढच्या प्रवाशानं आपल्या खुर्चीची पाठ मागं टाकली. ती थेट राहीबाईच्या नाकासमोर आली. कडेच्या खुर्चीवरचा माणूस गाढ झोपलेला. त्याला उठवायचं कसं? भाषा येत नाही, वर संकोच. राहीबाईनं मग एक युक्ती केली. ती पाणीच प्यायची बंद झाली, म्हणजे उठावं लागणार नाही. विमान पश्चिमेला चाललं होतं, खिडकीबाहेर सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. तिला वाटलं, वेळच थांबलीय.

सहा तासांनी तिनं समोरून जाणाऱ्या हवाई सुंदरीला विचारलं, "बाय, जरा उभी राहू का गो? पाय मेल्यासारखा झालाय."

"आजी, पट्ट्याचा दिवा लागलाय. बसून राहा हं जरा." ती पोरगीही थकलेली होती. चोवीस माणसांचे ट्रे तिच्या गाडीवर होते.

राहीबाई बसून राहिली. तिची डावी पोटरी माझ्या कडेवर दाबली गेली होती. ती कड मऊ होती पूर्वी. वजन वाचवायला माझा फोमही त्यांनी कमी केला होता. मित्रांनो, माझ्याच अंगानं मी त्या बाईचा पाय दाबत होते, आणि मला एक इंच मागं सरता येत नव्हतं. त्या दहा तासांसारखी लाज मला कधी वाटली नाही.

ती लंगडत उतरली. पुढचं मला फार नंतर, गॅरेजमधल्या बोलण्यातून कळलं. तिसऱ्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन बसली असताना राहीबाईला श्वास पुरेना. समीक्षानं आईचा सुजलेला पाय पाहिला आणि क्षणात ओळखलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात पोचला होता. मुलगी नर्स होती म्हणून आई वाचली. वीस दिवस ती परक्या देशातल्या दवाखान्यात पडून होती. लांबच्या विमानप्रवासाची आता जोखीम नको, असं डॉक्टरांनी बजावलं. परतीला मुलगी स्वतः सोबत आली, पुढच्या रुंद खुर्च्यांवरून, वाटेत दोन दिवस थांबून. त्यानंतर राहीबाई पुन्हा गेली नाही. नात फोनच्या काचेत वाढतेय.

दीपेशनं कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सगळं नियमात आहे. आणि काही महिन्यांनी दुसरा हुकूम आला. आम्हाला काढून पातळ पाठीच्या नव्या खुर्च्या बसवायच्या होत्या, आणखी एक रांग वाढवायला. त्या दिवशी दीपेशनं पाना खाली ठेवला. साहेब ओरडत आले.

"साहेब, बसा," दीपेश म्हणाला. त्यानं माझ्याकडे बोट केलं. "दहा तास नको. दहा मिनिटं बसा."

साहेब बसले. भारी बांध्याचा माणूस, गुडघे पुढच्या पाठीत रुतले. तीन मिनिटांत ते हलायला लागले. पाचव्या मिनिटाला धडपडत उठले आणि पँट झटकत म्हणाले, "नियमात बसतंय."

"नियमात बसतंय, माणूस बसत नाय!" दीपेशचा आवाज अख्ख्या हँगरमध्ये घुमला. "माझी आई मरता मरता वाचली साहेब. बोल्ट मीच आवळला होता. आता नाय आवळणार."

त्यानं नाही आवळला. दुसऱ्या कुणीतरी आवळला. दीपेशची नोकरी गेली, आम्ही भंगारात गेलो. गावी निघताना त्यानं भंगारवाल्याकडून आम्हा तिघींना मागून घेतलं.

गॅरेजमध्ये त्यानं आम्हाला लोखंडी चौकटीवर बसवलं. समोर मोकळं अंगण. ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत लोक आमच्यावर पाय पसरून बसतात.

एका बाजारच्या दिवशी राहीबाई आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"हीच का रे ती?"

"त्याच विमानातली हाय, आये. तीच का ते नाय सांगता येत."

मीच ती, असं ओरडावंसं वाटलं मला. तेवढ्यात शेजारचा सोनबा ऐसपैस माझ्यावर बसला. "झ्याक हाय की! तू का बसत नाय गो राहीबाय?"

"खुर्चीवर राग नाय माझा," राहीबाई म्हणाली. "हिच्या पुढची जागा ज्यानं खाल्ली, त्यो सोता कुठं बसून जातो, तेवढं सांग मला."

सोनबानं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. ती टायरवर जाऊन बसली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या इंजिनीअर होईल, कुणी मोठा अधिकारी. तुमच्या टेबलावरही असा एक कागद येईल. माणसाला एवढी जागा पुरे, असं त्यावर सुबक आकड्यांत लिहिलेलं असेल. तेव्हा आधी स्वतः त्या जागेत जाऊन बसा. साहेबांसारखं पाच मिनिटं नाही, पूर्ण दहा तास. मग आपल्या पायांवर नीट उठता आलं, तरच सही करा.