आणखी सोपं

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी आणला आणि अंगठा हिरव्या बटणाच्या शेजारी टेकवला. काहीच झालं नाही.

"थोडं डावीकडे," मुलगी म्हणाली.

"म्हातारपणी परीक्षेला बसवतेस होय?"

"दगडालाही जमेल इतकं सोपं करायचंय, बाबा."

"म्हणजे मला जमेल, असं तुझं मत आहे."

ती हसली. बटण अजून मोठं हवं, असं तिने मनाशी ठरवलं.

तिच्या कंपनीने एक बॉट, म्हणजे फोनवर आपोआप चालणारा प्रोग्राम, बनवला होता. नातेवाइकांच्या किंवा मित्रांच्या गटात कुणी दुसऱ्याच्या मजकुराला उत्तर दिलं, की हा बॉट त्याला गुण देई. गुण साठले की फोनचं रिचार्ज फुकट. पण चार शब्द लिहायचाही लोकांना कंटाळा येतो, असं दिसून आलं. म्हणून तिने तयार वाक्यं लिहून दिली. बटण दाबलं की वाक्य आपोआप जाई.

"तुझी परीक्षा राहू दे. हे बघ आधी," बाबा म्हणाले. "दादाचं उत्तर आलंय. इतक्या वर्षांनी."

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरल्याचं त्यांनी घरच्या गटात लिहिलं होतं. त्याखाली तिच्या भावाच्या नावाने उत्तर होतं : 'वाचून बरं वाटलं. तब्येतीला जपा.'

'जपा' लिहावं की 'सांभाळा', यावर तिने ऑफिसात अर्धी दुपार घालवली होती. तिने फोन परत दिला.

"तयार मजकूर आहे, ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "शेजारच्या वहिनींना त्यांच्या जावयाकडून हाच आला. पण बटण तरी दादानेच दाबलं ना? तेवढी आठवण ठेवून?"

उत्तराच्या कोपऱ्यात एक फिकट राखाडी ठिपका होता. ज्यांना बटणही नको, त्यांच्यासाठी सोमवारपासून नवी सोय झाली होती. एकदा परवानगी दिली, की बॉट स्वतःच उत्तरं पाठवी आणि गुण त्या माणसाच्या खात्यात टाकी. अशा उत्तरांना तो ठिपका असे. सोयीची कल्पना तिचीच होती. ठिपका कुणाच्या नजरेत भरू नये, हेही तिनेच सुचवलं होतं.

"हो," ती म्हणाली. "त्यानेच."

बाबा एका बोटाने लिहू लागले. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"वाच. काही चुकलंय का?"

'ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. येशील का? राहिला नाहीस तरी चालेल.'

"पाठवू नका हे," ती म्हणाली. "मी त्याला फोन लावते."

बाबांनी तिच्या हातून फोन अलगद काढून घेतला.

"फोन तो उचलत नाही, अगं. इथे निदान उत्तर तरी देतो."