दोन रेघांचे लोणी

ओलिओमार्गारिनवरची बंदी उठल्याची बातमी आली, तेव्हा ओंटारिओतल्या त्या दूधदुभत्याच्या गावात कोणालाच आनंद झाला नाही. तीसएक वर्षे देशात ते बनवायला, आणायला, विकायला मनाई होती. युद्धाने ती मोडून काढली. गावच्या कारखान्याचे उत्तम लोणी पेट्यांत भरून इंग्लंडच्या जहाजांवर चढू लागले, मागे उरलेल्याचे भाव चढले, आणि ओटावाच्या मंत्र्यांनी युद्ध चालेल तेवढ्यापुरते म्हणून हे चरबीचे पांढरे लोणी देशात येऊ दिले. अटी मात्र कडक घातल्या. पुडक्यावर नाव ठळक अक्षरांत हवे, पिवळा रंग घालायचा नाही, आणि ज्या खाणावळीत ते वाढले जाईल तिथे भिंतीवर तशी पाटी हवी.

घरात दोन भाडेकरू ठेवून त्यांना जेवू घालणाऱ्या इसोबेल रेनीने पाटी आणली, जेवणघराच्या भिंतीवर लावली, आणि दर रविवारी सकाळी ती काढून ठेवू लागली.

यात तिने कायदा मोडला नव्हता. रविवारी तिच्या टेबलावर खरे लोणीच असे, कारण रविवारी चर्चमधून परस्पर मामंजी जेवायला येत. तिचे सासरे हेक्टर रेनी जन्मभर लोण्याच्या कारखान्यात मुख्य कारागीर होते. मंत्र्यांकडे गेलेल्या विरोधाच्या अर्जावर त्यांची सही सगळ्यांत वर होती. ज्या घरात ते पांढरं मेण शिरेल त्या घरात मी जेवणार नाही, असे ते चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून बोलले होते, आणि बोललेला शब्द फिरवण्याची त्यांना सवय नव्हती.

इसोबेलचा नवरा वॉल्टर फ्रान्समध्ये खंदकात होता. सासूबाई जॅनेट जाऊन दोन वर्षे झाली होती. मामंजी आपल्या घरात एकटे राहत, उकडलेल्या ओटवर दिवस काढत आणि विचारले तर पोट भरलेय म्हणत. आठवड्यातून एकदा त्यांना आपल्या समोर बसून मांस, बटाटे, सलगम खाताना पाहिले, की इसोबेलला वाटे, वॉल्टरने मागे ठेवलेले घर अजून उभे आहे. तेवढ्यासाठी ती पाटी काढत असे. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. पण तिच्याकडे राहणाऱ्या दोघांना सगळे ठाऊक होते.

"रेनीबाई, आज कोणता वार?" स्टेशनातले तारबाबू टफ्ट भिंतीकडे बघत विचारत. "पाटी दिसतेय म्हणजे रविवार नाही. मला वेगळं कॅलेंडर घ्यायला नको."

"खा मुकाट्यानं," शाळेतल्या मिस कोल म्हणत. "आत्ता कुठं सवय होतेय मला त्या चवीची."

मार्चमधल्या एका बुधवारी घोटाळा झाला.

रेनींच्या घरात, आणि त्या सगळ्या पट्ट्यात, लोणी कधी नुसता गोळा करून टेबलावर येत नसे. प्रत्येक घराचा लाकडी ठसा असे. तो मिठाच्या पाण्यात भिजत घालायचा, म्हणजे लोणी चिकटत नाही, आणि मग गोळ्यावर दाबायचा. जॅनेटचा ठसा होता काटेरी रानफुलाचा. घरच्या गाईंचे लोणी ती बाजारात विकत असे, तेव्हा गिऱ्हाईक चव न घेता नुसते ते फूल बघून टोपलीला हात घालत असे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने तो ठसा इसोबेलच्या हातात दिला होता. ओलिओ आल्यापासून इसोबेल आठवडाभर तो फडताळात ठेवी आणि पांढरा गोळा तसाच बशीत घाली. पण त्या दिवशी धुण्याचा ढीग पडला होता, दोरीवरच्या चादरी गोठून फळ्यांसारख्या झाल्या होत्या, आणि स्वयंपाक उशिरा लागला होता. डोके चादरींत होते. हातांनी आपले रोजचे काम केले. ठसा भिजला, दाबला गेला, बशी टेबलावर गेली. इसोबेलला पत्तासुद्धा लागला नाही.

आणि नेमके त्याच दुपारी मामंजी छपरावरचा बर्फ काढायला आले.

"वॉल्टर असता तर त्यानंच काढला असता," फावडे दाराशी टेकवत ते म्हणाले. "वितळायला लागला की सगळं पाणी तुझ्या माजघरात येईल, पोरी." आणि बूट झटकत ते जेवणघरात आले.

त्यांनी पाटी वाचली. मग टफ्टकडे पाहिले, मिस कोलकडे पाहिले. दोघेही आपापल्या ताटांत बघत होते. इसोबेल रस्स्याचे भांडे हातात धरून दारातच उभी राहिली.

"मामंजी, मी सांगणार होते."

"पाटीचं काय सांगायचंय? ती अट आम्हीच मागून घेतली सरकारकडून. खाणाऱ्याला कळलं पाहिजे. अक्षरं बरी आहेत." बोलता बोलता त्यांची नजर बशीवर गेली आणि ते थांबले. पुढे वाकून त्यांनी त्या पांढऱ्या गोळ्यावरचे फूल नीट पाहिले. इसोबेलनेही ते तेव्हाच पाहिले.

"हा जॅनेटचा ठसा आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"माझ्या हातून चुकून झालं. हाताची सवय, मामंजी. देवाशपथ."

"असेल. तू लबाडी करशील असं मी म्हणत नाही." त्यांनी टोपी उचलली. "भिंत खरं बोलतेय आणि बशी खोटं बोलतेय, इसोबेल. आणि खोटं बोलतेय ती जॅनेटच्या तोंडानं."

ते न जेवता गेले. फावडे दाराशीच राहिले.

रविवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. मिस कोलनी चर्चमध्ये त्यांना पाहिले होते. उतरलेले दिसतात, म्हणाल्या. टफ्टने त्या दिवशी एकही विनोद केला नाही, आणि इसोबेलला तेच जास्त जड गेले.

सोमवारी तिने ठसा फडक्यात गुंडाळला आणि मामंजींच्या घरी गेली. ते स्वयंपाकघरात चुलीपाशी बसले होते. ओटची पातेली खरवडून तशीच पडली होती.

"हा तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "माझ्या हातांचा मला भरवसा नाही. आणि दुसरं सांगायचंय. रविवारी पाटी काढायचे ते तुमच्यासाठी. तुम्ही यायचं थांबाल म्हणून. आता ते नाही करणार. मला ओलिओ लागतं, मामंजी. त्याशिवाय त्या दोघांना पोसणं जमत नाही, आणि ते गेले तर घर जातं. तुम्ही रागवा, पण उपाशी राहू नका. मी डबा पाठवीन. त्यात ते नसेल."

हेक्टरनी ठशावरून अंगठा फिरवला.

"आमच्या कारखान्यात," ते म्हणाले, "एखादी खेप बिघडायची. मीठ जास्त, नाहीतर पाणी राहिलेलं. त्यावर कारखान्याचा शिक्का मारायचा नाही, हा माझा नियम. लोणी थापायच्या फळीच्या कडेनं वर दोन आडव्या रेघा ओढायच्या. रेघा दिसल्या की कळायचं, हे पेटीत जायचं नाही. मग ते आम्ही कामगार घरी न्यायचो."

"घरी?"

"टाकून देणार होतो का? चांगलं लोणी विकायला असतं, पोरी, कारागिरानं खायला नव्हे. जॅनेट विकायची फुलाचं आणि आम्ही खायचो रेघांचं. वॉल्टर सगळा त्याच्यावरच वाढलाय. शिक्क्याचं लोणी त्यानं पहिल्यांदा खाल्लं ते तुमच्या लग्नात."

इसोबेलला हसू आले आणि डोळेही भरले. "मला कधी बोलले नाहीत ते."

"बायकोला काय सांगायचं, की माझा बाप लोणी बिघडवायचा?" त्यांनी ठसा पुन्हा फडक्यात गुंडाळून तिच्या हातात ठेवला. "तुझा आहे. तिनं तुला दिलाय, मी कोण परत घेणारा? लोणी असेल तेव्हा वापर. चल, ते फावडं तुझ्याकडंच राहिलंय."

दोघे इसोबेलच्या घरी पोचले तेव्हा जेवणाची वेळ झालीच होती. मामंजींनी स्वयंपाकघरात बाह्या सारल्या, इसोबेलकडून लाकडी फळी मागून घेतली आणि बशीतल्या पांढऱ्या गोळ्यावर सराईत हाताने दोन सरळ रेघा ओढल्या. मग बोटाला लागलेले त्यांनी चाखले नाही; फडक्याला पुसून टाकले.

"हे काय नवीन?" बशी पुढे येताच टफ्टने विचारले.

"याचा अर्थ, हे लोणी म्हणून खपवायचं नाही," हेक्टर आपल्या रविवारच्या खुर्चीत बसत म्हणाले. "घरच्या माणसांनी खायचं."

"म्हणजे मी घरचा?"

"भाडं वेळेवर देत असलात तर."

मिस कोलनी पाव हेक्टरकडे सरकवला, आणि मागोमाग बशीही. त्यांनी नुसता पाव घेतला.

"मी कोरडाच खाणार," ते म्हणाले. "शब्द दिलाय. निम्मा मोडलाय आज, निम्मा तरी राहू दे." मग इसोबेलकडे ताट पुढे केले. "रस्सा वाढ जरा. आणि बटाटे. बुधवारी मी काहीच खाल्लं नव्हतं."