बॉल जाळीत गेला की उठायचं

"बॉल जाळीत गेला की उठायचं. सगळ्यांनी एकदम. आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचं. एवढंच काम आहे."

सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीवर चढून मुकादम बोलत होता. खाली त्याच्या गोदामातले हमाल, शेजारच्या गोदामांतून मागून आणलेले हमाल, आणि काही कारण नसताना येऊन थांबलेला वजनकाट्यावरचा कारकून, असे सगळे माना वर करून उभे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर गावच्या फुटबॉल क्लबची पिवळी टोपी होती.

"आणि बॉल जाळीत गेलाच नाही तर?" टिकाऊने विचारलं. हा सगळ्यात म्हातारा हमाल. दोन मालक, तीन मुकादम आणि गोदामाचं एक छप्पर त्याच्यादेखत गेलं होतं, म्हणून त्याचं नाव टिकाऊ.

"तर गप बसून राहायचं. अर्धी पाळी माफ केलीय, आणखी काय पाहिजे तुला?"

"मला काही नको. मी आपला विचारून ठेवतो. नंतर भानगड नको."

"आणि अंगं धुवून या," मुकादम म्हणाला. "भुतांची वरात आणली असं नको वाटायला."

क्लब नवाकोरा होता. गल्लीबोळांतल्या तीन संघांची मोट बांधून तो आदल्या वर्षी उभा केला होता. सेक्रेटरी झाला चष्म्याच्या दुकानाचा मालक. गिऱ्हाइकाची नजर तपासताना तो अक्षरांच्या तक्त्याऐवजी क्लबचं वेळापत्रक वाचायला द्यायचा, त्यामुळे गावातल्या जवळची नजर अधू झालेल्या सगळ्यांना सामन्यांच्या तारखा पाठ होत्या. पहिल्या सामन्याला माणूस लोटला. पण नव्याचे नऊ दिवस. क्लब हरला, पुन्हा हरला, मग बरोबरीत सुटला, आणि तोवर स्टँडच्या पायऱ्यांवर कावळे बसायला लागले होते. हरणाऱ्याला कोण विचारतो? जो तो म्हणायचा, आधी जिंका, मग येतो. आणि रिकाम्या स्टँडसमोर जिंकायचं कसं, हे कोणी सांगत नव्हतं.

आता संघटनेचा निरीक्षक येणार होता. ज्या क्लबाला प्रेक्षक नाहीत, त्याला पुढच्या वर्षी स्पर्धेत जागा नाही, असं वरून ठरलं होतं. क्लब बुडाला असता तर चष्मेवाला चष्मे विकत बसला असता. मुकादमाच्या पोराचं तसं नव्हतं. तो बचावफळीत खेळायचा. ट्रान्सपोर्ट ऑफिसातली बसून खायची नोकरी त्याने या क्लबापायी सोडली होती, आणि त्याचं वय असं होतं की दुसरा कुठलाही क्लब त्याला आता दारात उभा करणार नव्हता. मुकादमाने आयुष्यभर दुसऱ्यांना ओझं उचलायला लावलं होतं. पोराच्या डोक्यावर गोणी येऊ नये, एवढी एकच गोष्ट त्याने मनापासून मागितली होती.

सामन्याच्या दिवशी सकाळी पोरगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता.

"चष्मेवाले काका म्हणत होते, शाळेतली पोरं आणून बसवू," तो म्हणाला. "मी नको म्हटलं."

"का बरं?" मुकादमाने विचारलं.

"भाड्याच्या टाळ्या कशाला, बाबा? लोक आले तर आपल्या पायांनी येऊ देत. नाही आले तर नाही आले. तुम्ही या म्हणजे झालं."

"येतो ना. मी कधी चुकलोय?"

पोरगा बाहेर पडल्यावर बायकोने हातातलं पातेलं आपटलं. "सांगून टाकायचं होतं त्याला. कळलं तर तोंड बघणार नाही तो तुमचं."

"कळतंय कशाला? टोपीखाली कोण आहे ते मैदानातून दिसतं का?"

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. तिचं नेहमी तसंच असे. वाद ती एका वाक्यात संपवायची आणि मग दिवसभर मनात चालवायची.

दुपारी स्टँड पिवळं झालं. मुकादमाने माणसं मधोमध दाटीने बसवली, कडेला थोडी विरळ ठेवली, म्हणजे गर्दी आपसूक झाल्यासारखी दिसावी. गोण्या रचण्यात हयात गेलेल्या माणसाला हे काय शिकवायला हवं! खाली सावलीत निरीक्षक बसला होता, शेजारी चष्मेवाला त्याला सरबत पाजत होता.

संघ मैदानात आले. पोरगा मान खाली घालूनच आला, रिकाम्या पायऱ्या बघायच्या नाहीत अशी सवय झाल्यासारखा. मग कोणीतरी त्याला कोपरखळी मारली आणि त्याने वर पाहिलं. तो थांबलाच. मागून येणारा गोलकीपर त्याच्यावर आदळला. पोराने हळूच हात वर केला, लहान मुलाने ओळखीच्या माणसाला दुरून करावा तसा, आणि टोप्यांची ती रांग बघून तो हसला. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, खोटं असलं म्हणून काय झालं? एवढं हसू यासाठीच तर केलं सगळं.

पोरगा त्या दिवशी जसा खेळला तसा आयुष्यात खेळला नव्हता. समोरचा संघ भारी होता, त्यांचे गडी एकेक रेड्यासारखे. पण जिथे बॉल तिथे हा. अंगावर घेतला, डोक्याने परतवला, पडला, उठला. नेहमीचे मोजके लोक होते ते खरंखुरं ओरडत होते. हमाल मात्र शिस्तीत बसून होते. बॉल जाळीत जात नव्हता, त्यांना काम लागत नव्हतं, आणि फुकट बसायची सवय नसलेली ती माणसं अवघडून गेली होती.

सामना संपत आला असताना डावीकडून बॉल आडवा आला. गोलकीपर पुढे धावून चुकला. मागे एकटा पोरगा. बॉल बाहेर घालवायला त्याने अंग झोकून पाय घातला. बॉल नडगीला लागला, वळला आणि त्याच्याच जाळीत गेला.

आणि अख्खं स्टँड एकदम उभं राहिलं.

सगळ्यांनी मिळून ओरडायचं तर हमालांना एकच ओरडणं ठाऊक होतं. अवजड पेटी उचलताना देतात ती हाळी. "हां रे हां... हय्या! हां रे हां... हय्या!" टोप्या उडाल्या. कारकून बाकावर चढून नाचला.

"बसा! अरे बसा खाली!" मुकादम ओरडत होता, पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. घसा फुटेस्तोवर ओरडा असं त्यानेच सांगितलं होतं. टिकाऊने त्याला घामेजलेल्या हाताने पाठीत थोपटलं. "उठलो ना मुकादम, एकदम? कुणी मागं राहिलं नाही!"

मैदानात पोरगा गुडघ्यांवर होता. तो जाळीकडे बघत नव्हता, स्टँडकडे बघत होता. ती हाळी तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला होता.

त्या एका गोलाने क्लब हरला. कपडे बदलायच्या खोलीबाहेर निरीक्षकाने चष्मेवाल्याचा हात धरला. माणूस खरोखर गहिवरला होता.

"मी कुठली कुठली मैदानं पाहिली, साहेब. घरच्या पोरानं घरच्या जाळीत बॉल घातला, तर लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आणि इथं? आख्खं स्टँड उठून उभं राहिलं, पोराला धीर द्यायला! असे लोक जिथं आहेत तिथं क्लब नाही राहायचा तर कुठं?"

चष्मेवाल्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने आपल्या चपलांकडे पाहिलं.

आत पोरगा एकटाच बसला होता. पायातले बूट तसेच.

"तुम्ही आणले होते?"

"हो."

"काय सांगितलं होतं त्यांना?"

"बॉल जाळीत गेला की उठायचं."

"कुठल्या जाळीत?"

"मला काय माहीत तू तुझ्याच..." मुकादमाने जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

पोरगा रडला नाही, भांडलाही नाही. "मला वाटलं, आले लोक," तो म्हणाला. "बाबा, मला खरंच वाटलं हो." मग तो खाली वाकून नाडी सोडायला लागला. चिखलाने ती घट्ट बसली होती. मुकादम मदत करायला वाकला, तर पोराने पाय मागे घेतला.

क्लबाला जागा मिळाली. चुकलेल्या पोरासाठी उभ्या राहिलेल्या स्टँडची गोष्ट वर्तमानपत्रात छापून आली, आणि ती वाचून लोक आपल्या पायांनी आले. बायका आल्या, पोरं आली. कोणाकडून चूक झाली की सगळ्यांनी उभं राहायचं, ही त्या स्टँडची रीतच पडली. लांबून लोक ती बघायला येऊ लागले. चष्मेवाला सांगायचा, क्लबाला आता मरण नाही. पोराने परत खेळायला यावं म्हणून त्याने दोनदा घरी निरोप पाठवला. पोरगा गेला नाही. चष्मेवाला स्वतः आला, तेव्हा पोराने त्याला पाणी दिलं, बसायला दिलं, आणि नाही म्हटलं. ट्रान्सपोर्ट ऑफिसातली जागा केव्हाच भरली होती.

एका सकाळी तो गोदामाच्या दारात हमालांच्या रांगेत येऊन उभा राहिला. मुकादमाने त्याला बाजूला घेतलं. "अरे, काट्यावर बस. मी मालकांशी बोलतो. लिहायचं काम आहे, सावलीत आहे."

"रांगेत बरा आहे," पोरगा म्हणाला.

टिकाऊने त्याला डोक्यावर पोतं कसं घ्यायचं ते दाखवलं. बाकीच्यांनी नजरा चुकवल्या. ट्रक मागे घेतला गेला, फळी पडली, पहिली गोणी खाली आली. पोरगा तिच्याखाली वाकला, जरा डगमगला, सावरला आणि चालत मुकादमापाशी आला. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सिमेंटने भुवया पांढऱ्या झालेल्या.

"कुठं लावू, मुकादम?" त्याने विचारलं.

मुकादमाने हात उचलून थप्पी दाखवली.