आक्काचा पुदिना

आक्काच्या साठीला धाकट्या बहिणीने घरात पुदिना लावायचा संच दिला: दोन कुंड्या, माती, बी आणि पानं कापायची छोटी कात्री. घरी परतल्यावर तिला आठवलं, की आजारपणापासून आक्काला वासच येत नाही. ओशाळून तिने फोन लावला.

"आक्का, चुकलंच गं माझं. दुसरं काहीतरी आणते."

"काही नको. उगवलेलं दिसेल ना मला," आक्का म्हणाली.

दोन महिन्यांनी धाकटी आक्काकडे गेली, तेव्हा खिडकीतल्या कुंड्या भरल्या होत्या. आक्काने एक पान कापून, चुरगाळून तिच्या नाकाशी धरलं.

"सांग, कसा वास येतोय?"

धाकटीने डोळे मिटून हुंगलं. "दातांच्या दवाखान्यासारखा."

"मग माझं नाक बंद आहे तेच बरं," म्हणत आक्का पोट धरून हसली, तेव्हा कुठे धाकटीच्या जिवात जीव आला.