लाल नोंदी, निळ्या नोंदी

मी एक जुनी नोंदवही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी लावलेली. मला बांधणाऱ्या कारागिराने शेवटचा दोरा ओढताना म्हटलं होतं, "ही पोरगी लवकर उसवायची नाही." मित्रांनो, तो खरं बोलला. माझे कोपरे झिजले, पण पान एकही सुटलेलं नाही.

मी एका छोट्या दवाखान्यात आले आणि सिस्टरांच्या हाती पडले. त्यांचं बोलणं मोजकं, अक्षर टपोरं. पहिल्याच दिवशी पट्टी धरून त्यांनी माझ्यावर रकाने आखले: नाव, वय, गल्ली, आजार, कधीपासून. नव्या रोग्याचं नाव निळ्या शाईने लिहायचं. महिना संपला की जे अजून बरे झाले नसतील, त्यांची नावं पुढच्या पानावर सर्वांत वर लाल शाईने पुन्हा उतरवायची, म्हणजे त्यांच्या घरी जायचं राहत नाही. ही सिस्टरांची स्वतःची पद्धत होती. डॉक्टर मला चाळून म्हणायचे, "सिस्टर, तुमची वही माझ्यापेक्षा जास्त जाणते हो." मी आतून फुलून जायचे.

मग काविळीची साथ आली. सुरुवात झाली मोठ्या गल्लीत. तिथल्या पाण्याच्या टाकीत घाण गेली होती. टाकी धुतली, साथ ओसरू लागली. तेवढ्यात मागच्या धाकट्या गल्लीतून माणसं येऊ लागली, डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही. कुठेतरी नळ फुटून गटाराचं पाणी आत शिरत असणार, हे उघड होतं. पण कुठल्या गल्लीत? खणणारी टोळी एकच, आणि एका गल्लीला आठ दिवस लागणार.

सिस्टरांनी पानाची बेरीज केली आणि पाणीखात्याच्या साहेबांना कळवली: मोठी गल्ली तीस, धाकटी गल्ली पंधरा. साहेबांनी लगेच ठरवलं, गुरुवारपासून मोठी गल्ली खणायची.

त्याच दुपारी धाकट्या गल्लीतली शिवणवाली ताई तपासायला आली. तिला सातवा महिना होता.

"पाणी उकळून पितेस ना?" सिस्टरांनी विचारलं.

"पिते हो. पण सासूबाई म्हणतात, आम्ही काय पाणी उकळून बाळंत झालो?"

"त्यांना म्हणावं, या दिवसांतली कावीळ बाईच्या जिवावर बेतते."

ताई हसली, पण तिचा हात पोटावर गेला. ती गेल्यावर सिस्टरांनी मला पुन्हा उघडलं. निळ्या नावांवरून त्यांचं बोट वर वर सरकत लाल नावांपाशी आलं आणि थांबलं.

"अगं बाई! घोटाळा माझाच आहे."

लाल नावं आदल्या महिन्यात एकदा मोजून झाली होती. वरपासून खालपर्यंत बेरीज करताना ती पुन्हा धरली गेली होती. मोठ्या गल्लीच्या तिसांपैकी अठरा लाल होते. नवे रोगी फक्त बारा. धाकट्या गल्लीत लाल एकच, नवे चौदा. औषधं किती न्यायची हे ठरवायला सगळे मोजायला हवेत, कारण आजारी सगळेच आहेत. पण साथ आत्ता कुठे पसरते आहे हे पाहायचं, तर नवेच मोजले पाहिजेत.

एवढ्याने सिस्टरांचं समाधान झालं नाही. नवे कितींपैकी, हेही हवं होतं. मोठ्या गल्लीत बाराशे अठरा माणसं, हे घरभेटींच्या यादीत होतं. धाकट्या गल्लीची माणसं मात्र कुणी कधी मोजलीच नव्हती. मला काखेत मारून सिस्टर निघाल्या.

"घरात माणसं किती?"

"जेवायला सहा, कामाला दोन," एक आजी म्हणाल्या.

"आणि हे खाटेवरचे?"

"जावईबापू. चार दिवसांसाठी आले, दोन महिने झाले. यांना मोजायचं का?"

"इथलंच पाणी पितात ना? मग मोजायचं."

"घ्या जावईबापू, लागला तुमचा नंबर!" आजी म्हणाल्या, आणि जावईबापूंनी भिंतीकडे कूस वळवली.

गल्लीत एकशे एक्केचाळीस माणसं भरली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर मी उघडी पडले होते. दारात टोळीचा मुकादम उभा होता.

"साहेब, मी कळवलेला आकडा चुकला," सिस्टर म्हणाल्या. "मोठ्या गल्लीत नवे रोगी तीस नाहीत, बारा आहेत. धाकट्या गल्लीत चौदा."

"अहो, दोनाचाच फरक! तेवढ्यासाठी काम फिरवू? मोठी गल्ली उद्या माझ्या दारात येऊन बसेल."

"बारा कितींपैकी, ते विचारा ना. जो आधीच आजारी आहे तो नव्याने कसा पडेल? म्हणून जुने वजा करायचे. मोठ्या गल्लीत राहिले बाराशे. बाराशेत बारा, म्हणजे शंभरात एक. धाकट्या गल्लीत राहिले एकशे चाळीस, त्यांत चौदा. शंभरात दहा!"

साहेबांनी पेन घेऊन स्वतः भागाकार केला. पुन्हा केला.

"खरंच की," ते पुटपुटले. "पण नळ तिथे सापडला नाही तर?"

"तर माझी चूक म्हणून लिहा. हिच्यात जागा आहे."

मुकादम खाकरला. "साहेब, रडणाऱ्या पोराला आधी दूध मिळतं, तसं चाललंय हे. धाकटी गल्ली रडत नाही, एवढंच."

साहेबांनी हुकूम बदलला.

धाकट्या गल्लीत खणायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी गटाराच्या तळाशी चिरलेला नळ सापडला. पण पोटात गेलेला रोग वर यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे निळी नावं येतच राहिली. मोठ्या गल्लीतले लोक टोमणे मारत. सिस्टर रोज माझ्यात लिहीत आणि मोजत राहिल्या. पहिल्या आठवड्यात नऊ, मग चार, मग एक. पुढच्या आठवड्यात काविळीचं एकही निळं नाव आलं नाही. शिवणवाल्या ताईचं नाव या नोंदींत कधी आलंच नाही.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या, दवाखान्यात संगणक आला आणि मी माळ्यावर गेले. मधे कुणीतरी मला डगमगत्या कपाटाच्या पायाखाली सारलं होतं. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण मी कुठे कमी पडले नाही, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, जुन्या नोंदवह्या जपा. आणि अमुक ठिकाणी इतके आजारी, असं कुणी सांगितलं तर विचारायला लाजू नका: नवे की जुने? आणि कितींपैकी?

माझ्या एका पानावर एक खाडाखोड आहे. सिस्टरांना खाडाखोड मुळीच खपत नसे, पण ही त्यांनी हसत हसत केली होती. त्या दिवशी शिवणवाली ताई दुपट्यात गुंडाळलेली लेक घेऊन दवाखान्यात आली होती. सिस्टरांनी धाकट्या गल्लीचं पान काढलं, एकशे एक्केचाळीसवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: एकशे बेचाळीस.